दर सोमवारी निळी गोळी, तरी मुलींचं रक्त कमीच का?

सुरगाणा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: "आमची शाळा आठवीपर्यंत. दर सोमवारी लोहाच्या गोळ्या देतो, दोन वर्षं एकही सोमवार चुकवला नाही. तरी परवा तपासणी झाली तर सहावी ते आठवीच्या निम्म्या मुलींचं रक्त 9-10 च्या आसपास. परिपाठाला एकदोन जणी चक्कर येऊन खाली बसतात. पालक म्हणतात, गोळीनं पोट बिघडतं, मग देता कशाला? पोषण आहारही रोज शिजतो. आमचं कुठे चुकतंय?"

बाई, गोळी देण्यात तुमचं काहीही चुकत नाही. त्या गोळीचं नेमकं काम काय, हे आम्ही आरोग्यवाल्यांनी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, चूक ती आहे. आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. एकदा कमी झालेलं रक्त तिनं भरून निघत नाही. मी वीस वर्षांहून जास्त काळ पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात मुलं तपासतो आहे, आणि हा एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक शाळेत भेटतो.

जरा हिशेब मांडून पाहू. तुमच्या सातवीतली एखादी मुलगी घ्या. वजन 30 किलो, एचबी (म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 100 मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम) 9. ते 12 वर न्यायचं तर नुसत्या रक्तातली तूट भरायलाच सुमारे 230 मिलिग्रॅम लोह अंगी लागावं लागतं, शरीरातला साठा भरायचा तो वेगळाच. निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं 10 टक्के अंगी लागलं असं धरा, म्हणजे आठवड्याला 6. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, सणवार, गैरहजेरी वजा जाता वर्षाला 30 सोमवार पदरात पडले तर झाले 180 मिलिग्रॅम. आता तिला पाळी सुरू झाली असेल, तर दर महिन्याला साधारण 15 मिलिग्रॅम लोह त्यातूनच जातं. वर्षाचे तेही 180. जेवणातून जे मिळतं ते वाढत्या अंगालाच पुरत नाही, कारण 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह हवं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2020 चं प्रमाण सांगतं, आणि भात-भाकरी-आमटीच्या ताटात त्याच्या निम्मंही जमत नाही. तेव्हा दोन वर्षं गोळी घेऊन ती 9 वर आहे म्हणजे गोळी वाया गेली असं समजू नका. गोळी नसती तर ती बहुधा आणखी खाली गेली असती.

ज्या मुलीचं रक्त आधीच कमी आहे तिला रोजचा उपचार लागतो. 5 ते 11 वर्षांच्या मुलांत 11.5 च्या खाली आणि 12 ते 14 वर्षांच्या मुलांत 12 च्या खाली एचबी असलं की रक्तक्षय म्हणतात. 8 च्या खाली गेलं की तो तीव्र. 2018 पासून चालू असलेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात उपचार स्पष्ट लिहिलेला आहे: सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय असेल तर 10 वर्षांवरच्या मुलांना त्याच 60 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, जेवणानंतर, तीन महिने. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम या मापानं रोज, दोन महिने. हे डॉक्टरांनी तपासून, चिठ्ठी देऊन सुरू करायचं, शाळेनं आपल्या मनानं नाही. 8 च्या खाली असलेल्या मुलाला गोळ्यांवर थांबवून न ठेवता ग्रामीण रुग्णालयात किंवा कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच दिवशी.

तुमच्या शाळेत नेमकं हेच राहिलं असणार. तपासणी झाली, आकडे वहीत गेले, आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांना पुन्हा एकच निळी गोळी. 11.8 वालीलाही तीच, 8.6 वालीलाही तीच. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की तुमच्या रजिस्टरमध्ये आज "वाटलेल्या गोळ्या" हा रकाना आहे, त्याच्या शेजारी प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा स्वतःचा एचबी, तारीख आणि एका महिन्यानंतरचा एचबी, एवढं लिहायला सुरुवात करा. रोजचा उपचार नीट चालू असेल तर महिन्याभरात निदान 1 ग्रॅम वाढलाच पाहिजे. वाढला तर तीन महिने पूर्ण करायचे, रंग सुधारला म्हणून मधेच सोडायचं नाही. वाढला नाही, तर का नाही, हे शोधायचं. सगळं वैद्यक त्या "का" मध्ये आहे, आणि त्यातलं अर्धं तुम्हीच शोधू शकता, कारण मूल रोज सहा तास तुमच्यासमोर असतं.

त्याआधी तपासणीवर दोन शब्द. बोट टोचून केलेल्या तपासणीत बोट दाबून दाबून रक्त काढलं तर रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. जुलैच्या पावसात भिजून आलेल्या पोरींचे हात गार असतात, रक्त येत नाही, मग सिस्टर बोट पिळतात. आधी हात चोळून गरम करावा, पहिला थेंब पुसावा, पुढचा मोठा थेंब आपसूक येऊ द्यावा. देशाच्या दोन मोठ्या पाहण्यांमधला फरक पाहिला की हे किती मोलाचं आहे ते कळतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातलं रक्त घेतलं होतं. तिच्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वर्षांच्या 57 टक्के मुलींना रक्तक्षय दिसला. 2016-18 च्या मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, त्यात देशभरातल्या 10 ते 19 वयाच्या मुलामुलींत तो 28 टक्के निघाला. वयोगट वेगळे आहेत, दुसऱ्यात मुलगेही धरले आहेत, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण पद्धतीमुळे आकडा हलतो हे खरं. म्हणून ज्यांचा एचबी 10 च्या खाली आला त्यांचं शिरेतलं रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात पुन्हा तपासून घ्या. त्यात पेशींचा आकारही कळतो, आणि पुढे तो फार कामाला येतो.

आता गोळी खरोखर पोटात जाते का? रागावू नका, पण मी एका शाळेच्या मागच्या कुंपणाशी मूठभर निळ्या गोळ्या पावसात विरघळलेल्या पाहिल्या आहेत. मुलांना दोष देता येत नाही. त्याच भागातल्या दुसऱ्या एका शाळेत सकाळी परिपाठ संपल्यावर रिकाम्या पोटी गोळ्या दिल्या होत्या. अर्ध्या तासात आठ-नऊ मुलींना मळमळ, दोघींना उलटी. बातमी पाड्यापाड्यांवर गेली, आया शेतातली कामं टाकून पळत आल्या, आणि पुढचं वर्षभर त्या गावात एकाही मुलानं गोळी तोंडात घातली नाही. मी तिथं चार वेळा गेलो. एकदा गेलेला विश्वास परत आणायला किती पायपीट पडते ते तेव्हा कळलं. म्हणून गोळी दुपारच्या जेवणानंतरच, तुमच्यासमोर, भरपूर पाण्याबरोबर. तुम्हीही मुलांदेखत तुमची गोळी घ्या, शिक्षकांनी सोबत घ्यावी असं कार्यक्रमातही अभिप्रेत आहे. आणि पालकसभेत आधीच सांगून टाका की संडास काळी होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट बिघडतं म्हणणारे पालक खोटं बोलत नाहीत, लोहानं काहींना बद्धकोष्ठ होतं, काहींचं पोट दुखतं. त्या मुलीला रोज दोन गोळ्या सोसत नसतील तर डॉक्टर काही दिवस एकीवर आणतील. रोजच्या गोळ्या घरी न्यायच्या असतील तर डबी उंच ठेवायला बजावून सांगा. घरातल्या दोन-तीन वर्षांच्या भावंडानं खाऊच्या गोळ्या समजून मूठभर गिळल्या तर ते जिवावर बेततं.

चहाचं मात्र मी कितीही वेळा बोललो तरी कमीच. आपल्याकडे मूल उठतं आणि कोरा चहा पितं. सोबत भाकरी, नाहीतर बटर. चहातले कषाय (तुरट) पदार्थ भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. दूध घातलं तरी फारसा फरक पडत नाही. चहा बंद करा म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आणि थंडीत पहाटे पाणी भरून आलेल्या पोरीला गरम काहीतरी नको का? एवढंच सांगा की चहा आणि जेवण यांत एक तासाचं अंतर ठेवा, गोळीच्या आगेमागेही चहा नको.

जंत हे दुसरं मोठं कारण. जंत म्हटलं की लोकांना संडासात दिसणारे लांब जंत आठवतात. रक्त पिणारा अंकुशकृमी दिसत नाही. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्याला चिकटून बसते. एकेक कृमी दिवसाला 0.03 ते 0.2 मिलिलिटर रक्त खातो. पोटात शंभर असतील तर महिन्याला किती जातं याचा हिशेब मुलांनाच गणिताच्या तासाला करायला द्या, चपला आपोआप पायात येतील. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी चावूनच खायला लावा. त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतात तीच बहुधा गरीब घरची, पाड्यावरची असतात. त्यांच्यासाठी नंतरचा फेरीचा दिवस असतो, तो चुकवू नका.

पाळीबद्दल तुम्ही बाई आहात म्हणून थेट लिहितो. सात दिवसांच्या वर जाते का, गाठी पडतात का, कपडा तासा-दोन तासाला बदलावा लागतो का, एवढे तीन प्रश्न मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारा. कुणी "हो" म्हणालं तर तिला लोहाबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाची भेटही हवी. आणि जी मुलगी खडू, माती, कच्चे तांदूळ चोरून खाते तिला ओरडू नका. ते लोह कमी पडल्याचं लक्षण आहे, एचबी तपासण्याआधीच शरीर सांगत असतं.

आता जिथं लोह देऊनही एचबी हलत नाही ती मुलं. चौथीतला एक मुलगा माझ्याकडे तीन महिन्यांच्या गोळ्या प्रामाणिकपणे खाऊन आला, एचबी 8 चा 8. डोळे किंचित पिवळे. आई सांगत होती, थंडी पडली की रात्री हातपाय दुखतात म्हणून रडतो, शाळेत जायला नाही म्हणतो. गुरुजी त्याला कामचुकार समजत होते. तपासणीत सिकलसेल निघाला. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात, लोहाची तूट हे त्याचं मूळ कारण नसतं. अशा मुलाला लोह तपासूनच द्यायचं, फॉलिक ॲसिड नेहमी, पाणी भरपूर, थंडी-पावसात भिजू द्यायचं नाही, ताप आला की थांबायचं नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात. तो मुलगा आता दहावी पार करून आयटीआयला आहे. आपल्या भागातल्या आदिवासी समाजांत हा आजार आहे. 1 जुलै 2023 पासून देशातल्या आदिवासी भागांत सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्यांची तपासणी त्यात मोफत होते. तुमच्या शाळेसाठी ती मागून घ्या. एक काळजी मात्र घ्या: निकालाचा कागद वर्गात वाचून दाखवू नका. नुसत्या वाहक असलेल्या, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या मुलीला आजार नसतो, ती साप्ताहिक गोळीही घेऊ शकते, पण गावात एकदा नाव झालं की लग्नापर्यंत ते तिच्या मागे लागतं.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक हेही असंच न हलणारं एचबी घेऊन येतात, पेशी लहान पण संख्येनं भरपूर. आणि दूध, अंडी, मासे यांतलं काहीच पोटात न जाणाऱ्या मुलांत बी12 ची तूट असते, तिला लोह काहीच करत नाही. म्हणून शिरेतल्या रक्ताची तपासणी हवी म्हटलं.

परिपाठाच्या चक्करीकडे येऊ. बाई, माझा अनुभव असा की परिपाठाला पडणारं मूल बहुतेक वेळा रक्तक्षयानं पडत नाही, भुकेनं पडतं. त्या मुलींना विचारा, काल रात्री किती वाजता जेवलात? सात-साडेसात. सकाळी काय खाल्लं? चहा. मधे पाणी भरलं, लहान भावंडाचं आवरलं, दोन-तीन किलोमीटर चालून शाळेत आल्या. दुपारचं जेवण दीडला. म्हणजे अठरा तास पोटात धड अन्न नाही, आणि वर उन्हात उभं राहून प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार. परिपाठ बसून घ्या, आजपासून. आणि पहिल्या तासाआधी मूठभर काहीतरी पोटात जाईल अशी सोय पाहा. उकडलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, आदल्या रात्रीची नागलीची भाकरी डब्यात आणली तरी चालेल. ज्या शाळांनी एवढं केलं तिथं चक्करीचे प्रकार महिन्याभरात थांबलेले मी पाहिले आहेत, गोळीचा परिणाम दिसायच्या कितीतरी आधी.

यातूनच कुपोषणाची गोष्ट निघते, आणि इथं माझं मन खरं दुखतं. सहा वर्षांपर्यंत मुलाला अंगणवाडीताई दर महिन्याला काट्यावर बसवते. वजन घटलं तर ग्राम बाल विकास केंद्र आहे, पोषण पुनर्वसन केंद्र आहे. मूल पहिलीत गेलं की काट्यावरून उतरलं ते उतरलंच. पुढे वर्षातून एकदा आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) तपासणी पथक येतं, एका दिवसात शंभर मुलं पाहतं आणि जातं. शाळेतल्या मुलाचं खुरटणं कुणाच्याच रोजच्या कामात बसत नाही. सातवीची मुलगी पाचवीएवढी दिसते आणि आपण म्हणतो, "घराणंच बारीक आहे." नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. तिचं वजन 26 किलो, उंची 138 सेंटिमीटर असेल तर वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा, 13.7 येतो. 12 वर्षांच्या मुलीत तो 14.4 च्या खाली म्हणजे कृशता, 13.2 च्या खाली तीव्र कृशता. काटा आरोग्य उपकेंद्रातून आणा, उंचीची पट्टी भिंतीवर रंगवा, दर तीन महिन्यांनी मोजा. तीन महिन्यांत वजन तसूभरही न वाढलेलं वाढत्या वयाचं मूल डॉक्टरांना दाखवायलाच हवं. खोकला असेल, घरात कुणाला क्षयरोग असेल तर त्याच आठवड्यात.

स्वयंपाकाबद्दल. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30, असं माप आहे. पोट भरतं, लोह फारसं मिळत नाही. वाढपाच्या वेळी ताटावर लिंबू पिळा, एवढ्यानंही डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. शाळेच्या परसबागेत शोभेची झाडं लावण्यापेक्षा दोन लिंबं, एक आवळा, एक पेरू, चार शेवगे लावा. मटकी-हरभऱ्याला मोड आणून मावशींना शिजवायला सांगा. बीटानं रक्त वाढतं हा समज सोडून द्या, त्याचा लाल रंग फसवा आहे, लोह अगदी कमी. नागलीत कॅल्शियम भरपूर, पण लोहासाठी बाजरी सरस. तिथी भोजनाला (गावकऱ्यांनी सणावाराला मुलांना द्यायच्या जेवणाला) कुणी जिलेबी देतो म्हणाला तर त्याच पैशांची अंडी मागा. जे खातात त्यांना आठवडे बाजारातली सुकट आणि पावसाळ्यातले खेकडे याहून चांगलं औषध नाही. ते "गरिबाचं खाणं" म्हणून पोरं लाजतात, तुम्ही वर्गात त्याचं नाव आदरानं घ्या.

शेवटी एक अडचण, जी फक्त आपल्या तालुक्यांना कळेल. दिवाळी झाली की निम्मा पाडा द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो, काही गुजरातेत जातात. तीन महिन्यांचा उपचार ऑक्टोबरात सुरू केला तर मुलगी नोव्हेंबरात मळ्यावर असते आणि गोळ्या शाळेच्या कपाटात. म्हणून शाळा भरल्याबरोबर, जूनच्या शेवटच्या आठवड्यातच एचबी आणि वजन करून घ्या आणि उपचार जुलैत सुरू करा, म्हणजे दिवाळीच्या आत तीन महिने पुरे होतात. तरी ज्यांचं राहील त्यांच्या शिक्षण हमी कार्डाला (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते त्या कार्डाला) एक चिठ्ठी टाचून द्या: एचबी किती, कोणत्या तारखेचा, किती गोळ्या झाल्या, किती उरल्या, सिकलसेल तपासला की नाही. मळ्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला ती चिठ्ठी वाचून पुढचं सगळं समजतं, आणि आईला कुणासमोर पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.